हाज दसूकींच्या नावाचा पंजा

इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दुम्यातेत कुणाशी हात मिळवताना बोटे मोजण्याची पद्धत नाही. जिथे घरटी एक तरी माणूस करवतीच्या पात्यासमोर उभा राहून पोट भरतो, तिथे बोट जाणे ही दुःखाची गोष्ट असली तरी लाजेची नसते. लाज असते ती बोट कशाने गेले याची. फळीत दडलेला खिळा निघाला, वीज जाऊन अचानक आली, मशीनचा पट्टा तुटला, असे काही झाले असेल तर माणूस पूर्वी होता तोच राहतो, आणि कसबी कारागिराच्या नावाआधी लावला जाणारा ‘उस्ता’ हा शब्दही त्याच्यापाशी राहतो. पण तो पेंगत होता किंवा हशीश ओढून मशीनवर आला होता असे एकदा ठरले, की त्याच्या उरलेल्या बोटांनाही कुणी काम देत नाही.

शिहाताच्या बाबतीत असे ठरले होते, आणि ते एकट्या हाज दसूकींनी ठरवले होते.

हाज दसूकी फर्निचरचे मोठे व्यापारी; हज करून आल्यापासून नावाआधी ‘हाज’ लागलेले. शिहाता त्यांच्या कारखान्यात नक्षीकाम करणारा उस्ता. एका शुक्रवारी दुपारी, बाकीचे कारागीर नमाजाला गेलेले असताना, कारखान्यात हे दोघेच होते, कारण त्रिपोलीचा माल संध्याकाळच्या आत बंदरावर पोहोचायचा होता. नमाज संपवून माणसे परतली तेव्हा शिहाताच्या उजव्या हाताची दोन बोटे मुळापासून आणि तिसरे अर्धे गेलेले होते. पात्यावरचे लोखंडी झाकण हाजनी काढायला लावले होते, असे तो इस्पितळातून सांगत राहिला. लोक पाहायला गेले तर झाकण जागच्या जागी, स्क्रू आवळलेले. त्याच संध्याकाळी नदीकाठच्या कॉफीखान्यात हुक्क्याची नळी तोंडातून काढून हाज म्हणाले, "बिचाऱ्याचे डोळे लाल होते हो. मी म्हटलं, घरी जा बाबा. ऐकेल तर ना!" दोन साक्षीदारांपैकी एकाकडे कारखाना होता आणि दुसऱ्याकडे पट्ट्यांत गुंडाळलेला हात. गावाने ज्याचे ऐकायचे त्याचे ऐकले.

शिहाताने आपली बाजू काही महिने सांगितली आणि मग सांगणे बंद केले. चुलतभावाच्या दुकानाच्या दारात बसून तो खुर्च्यांच्या पायांवर डाव्या हाताने पॉलिशकागद घासू लागला. कालपर्यंत त्याला उस्ता म्हणणारी माणसे आता जाता-येता ‘काय शिहाताकाका, बरं आहे ना?’ असे विचारीत. या शब्दात माया आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो शब्द ऐकताना त्याच्या मुलीचा चेहरा पाहिलेला नाही. चाळिशीच्या आतल्या कारागिराला काका म्हणणे म्हणजे त्याला भिंतीशी नेऊन बसवणे होय, हे विसाल कॉलेजात शिकत होती तेव्हापासून जाणून होती.

तिला भरपाई नको होती. हाजना तुरुंगात पाठवावे असेही तिला वाटत नव्हते. तुरुंगातून माणूस सुटून येतो आणि चार ठिकाणी आपली बाजू सांगत फिरतो. ज्या तोंडाने ते खोटे बाहेर पडले, त्याच तोंडाने खरे बाहेर पडावे आणि ते लोकांसमक्ष पडावे, एवढेच तिला हवे होते. या एवढ्याशा इच्छेवर तिने सहा वर्षे काढली होती, आणि इच्छा लहान असली म्हणजे ती सौम्यही असते असे मानण्याचे कारण नाही.

मधल्या काळात ती बालवाडीत शिक्षिका झाली. चार वर्षांच्या मुलांना कात्री धरायला शिकवणे, सांडलेला डिंक पुसणे, भांडणात खरे कुणाचे ते शोधून काढणे, यात तिची हुशारी सगळ्यांनी मान्य केली होती. यंदा तिच्या वर्गात एक नवी मुलगी आली. गालाला खळी पडणारी, कुणालाही मिठी मारणारी. हजेरीत पूर्ण नाव वाचले तेव्हा विसाल क्षणभर थांबली. रिताल ही हाज दसूकींची नात होती.

मार्चच्या एकविसाव्या तारखेला आमच्याकडे आईचा सण असतो. बालवाडीच्या चालक मादाम सफीनाज त्याला कुटुंबाचा सण म्हणत, कारण दरवर्षी वर्गात एखादे आई नसलेले मूल असेच आणि त्याच्या हातात आईसाठी केलेला कागदी मुकुट देऊन ‘कुणाला घालशील?’ असे विचारण्याची त्यांची छाती होत नसे. यंदा त्यांनी पंज्यांचे झाड करायचे ठरवले. खोडासाठी लाकडाच्या पातळ सालींच्या पट्ट्या, खाली माती म्हणून हिरवा-तपकिरी रंगवलेला भुसा, आणि पाने म्हणून घरच्या प्रत्येकाच्या रंगीत पंज्याचा ठसा, कापून चिकटवलेला. सर्वांत वर आजोबांचा पंजा. साली आणि भुसा आमच्या गल्लीत फुकट मिळतो. रंगाची छोटी डबी आणि जाड कागद मुलांबरोबर घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी मुले ठसे घेऊन आली. रितालकडे आईचा, वडिलांचा, आजीचा पंजा होता. वरचा कागद कोरा होता आणि ती हुंदके देत होती.

"आजोबांचा कुठंय गं?" विसालने विचारले.

"आजोबा म्हणाले, हाजच्या हाताला असला रंग लागत नाही. म्हणाले, तुझ्या मिसला सांग, आजोबांचा हात सही करायला आहे, चित्रं काढायला नाही." तिने बाहीने नाक पुसले. "आता माझं झाड टकलं दिसणार!"

वर्गातला अदहम खिदळला, "टकलं झाड! टकलं झाड!"

"अदहम, तोंड मिट. आणि तू रडू नकोस." विसाल खाली बसली, तिने मुलीचे डोळे पुसले. हे सारे ती रोजच्यासारखेच करीत होती, आणि करता करता तिच्या मनात एक गोष्ट उगवली आणि तिथेच पूर्णही झाली. "आजोबांचा पंजा मी आणते. तू कुणाला सांगू नकोस. गंमत."

"खरंच? प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

त्या संध्याकाळी तिने बापासमोर रंगाची वाटी ठेवली.

"बाबा, हात द्या. बालवाडीच्या भिंतीवर पंज्यांची झाडं करतोय, तिथं लावायचाय."

शिहाताने डावा हात पुढे केला.

"तो नाही. उजवा."

"वेडी का काय तू? पोरं भितील."

"दुम्यातेची पोरं आहेत. त्यांच्या घरी याहून वाईट हात भाकरी मोडतात."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. तिने ब्रशने त्याच्या तळव्यावर हिरवा रंग लावला. अंगठ्यावर, करंगळीवर, अर्ध्या बोटावर, आणि जिथे बोटे नव्हती तिथल्या गुळगुळीत उंचवट्यांवर. तिथे ब्रश गेला तेव्हा त्याने हात किंचित मागे घेतला.

"गुदगुल्या होतात," तो म्हणाला. "कुणाच्या झाडावर लावणार?"

"भिंतीवर," ती म्हणाली, आणि त्याचा हात कागदावर दाबून धरला.

विसालची सहकारी आणि लहानपणापासूनची मैत्रीण नग्ला हिने दुसऱ्या दिवशी तो पंजा रितालच्या झाडाच्या शेंड्यावर पाहिला, खालच्या पट्टीवर ‘आजोबा, हाज दसूकी’ असे विसालच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलेले पाहिले, आणि वर्गाचे दार लावून घेतले.

"हे काय मांडलंयस तू?"

"पाहुणे म्हणून तेच येणार आहेत ना? व्यासपीठावर बसतील. नात हात धरून झाडापाशी नेईल. बघू दे त्यांना."

"बघून काय होणार? ही भिंत बघ जरा." नग्लाने बोट फिरवले. "अदहमच्या आजोबांना अंगठा नाही. या जुळ्यांच्या बापाचं टोक उडालंय. तो कोपऱ्यातला ठसा, त्याला तर अडीचच बोटं. कुणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही."

"त्यांच्या लक्षात येईल. तो हात फडक्यात बांधून त्यांनीच गाडीत घातला होता."

"आणि पोरगी? ती चार वर्षांची आहे, विसाल. तिला वाटतंय तू तिच्यासाठी जादू केलीस. तिला मध्ये घेऊ नकोस."

"मी तिला काय करतेय? तिला झाड हवं होतं, झाड मिळालं."

नग्लाने दाराची कडी काढली. मग म्हणाली, "लहानपणी तू अशी नव्हतीस हे मी म्हणणार नाही. तू अशीच होतीस." आणि भुशाची पिशवी उचलून निघून गेली.

सणाच्या दिवशी बालवाडीच्या दालनात खुर्च्या कमी पडल्या. पुढे चटयांवर मुले, मागे आया, त्यांच्या मागे कामावरून तासभर सुटून आलेले बाप, काहींच्या केसांत अजून भुसा. मादाम सफीनाज यांनी शिक्षिकांनाही आपापल्या घरच्यांना आणायला सांगितले होते, म्हणून शिहाताही आला होता आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसला होता. जवळ बसलेल्याने त्याला ‘या शिहाताकाका’ म्हणून जागा करून दिली. ते विसालने व्यासपीठावरून ऐकले.

हाज दसूकी शुभ्र पायघोळ गलाबियावर मानाचा तपकिरी झगा, अबाया, घालून आले. बालवाडीच्या नव्या खुर्च्या त्यांनीच दिल्या होत्या, मादामनी आभार मानताना त्या खुर्च्यांचा उल्लेख इतक्या वेळा केला की मागून कुणीतरी म्हणाले, "बाई, आता बसू द्या त्यांच्यावर." लोक हसले. हाजही हसले. त्यांना हशा आवडत असे, टाळ्या त्याहून आवडत, आणि आपण साधेपणाने वागतो हे लोकांनी पाहावे हे तर सर्वांत जास्त.

एकेक मूल आपल्या माणसाला झाडापाशी आणू लागले. अदहमच्या आजोबांनी अंगठा नसलेला हात ठशावर ठेवून "हा बघा, जुळला!" असे म्हणताच मुले ओरडली. मग रिताल उठली, व्यासपीठावर गेली, आजोबांचे बोट धरून त्यांना भिंतीपाशी घेऊन आली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा माझ्या आजोबांचा हात!"

हाजनी पंजा पाहिला. विसाल त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर माइक धरून उभी होती आणि तिने त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. रंग उतरताना तिने पाहिला. ओठ विलग झाले. हात ओळखला गेला होता. त्याविषयी शंका उरली नाही. सहा वर्षे तिने या क्षणाची कल्पना केली होती, आणि कल्पनेत इथूनच सारे कोसळत जात असे.

मागून कुणीतरी खट्याळपणे ओरडले, "हाज, बोटं कुठं ठेवून आलात?"

हाजनी आपला उजवा हात वर केला. पाचही बोटे, एकात माणकाची अंगठी. दालन खदखदून हसले. मादाम सफीनाज कानापर्यंत लाल झाल्या आणि विसालकडे पाहून "ही कसली चूक?" असे पुटपुटल्या. तेवढ्या हशाच्या अवधीत हाज सावरले. ते आयुष्यभर व्यापार करीत आले होते. परत आलेला माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला खपवणे हे त्यांचे रोजचे काम होते. त्यांनी विसालच्या हातचा माइक आपल्या तोंडाजवळ ओढला.

"चूक नाही," ते म्हणाले. आवाज भरून आला होता, किंवा त्यांनी तो भरून आणला होता. "लेकरानं बरोबर लावलाय. हा माझ्या एका कारागिराचा हात आहे. माझ्या कारखान्यात कुणी नोकर नाही, सगळं माझं कुटुंब. ज्याच्या कष्टावर माझं घर उभं राहिलं, त्याचा हात माझ्या झाडावर माझ्या जागी! याहून मोठा मान माझा तो कोणता?"

टाळ्या कडाडल्या. एका बाईने डोळ्यांना ओढणीचे टोक लावले. मादाम सफीनाज यांचा चेहरा उजळला. आणि विसालला कळले, की तिने बापाचा हात नेऊन त्या माणसाच्या पदरात टाकला होता. नाव त्याने सहा वर्षांपूर्वी हिरावून घेतले होते; आता जखमही घेतली. दाराजवळच्या खुर्चीकडे पाहण्याचे धाडस तिला झाले नाही.

तिने हाजकडे पाहिले. टाळ्या विरत चालल्या तशी त्यांची नजर लोकांवरून फिरत होती, आणखी काही मिळते का ते शोधत. ही नजर तिच्या ओळखीची होती. वर्गात एखादे पोर म्हणते, आमच्या घरी हत्ती आहे. बाकीची पोरे आ वासतात. मग त्याला थांबवायचे नसते. हत्ती काय खातो, कुठे झोपतो, आणला कुणी, असे मायेने विचारत जायचे. पोर स्वतःच्या पायाने चालत खऱ्यापाशी येते. विसालने माइक त्यांच्या तोंडापासून दूर नेला नाही. ती फक्त थोडी जवळ सरकली, आणि रोज सकाळी मुलांना गोल बसवल्यावर जो आवाज वापरत असे त्या आवाजात म्हणाली,

"किती छान! मुलांनो, आजोबांना विचारायचं का, हा हात कुणाचा आहे?"

"हो!" चटयांवरून एकच कल्लोळ उठला.

"याचं नाव शिहाता," हाज म्हणाले. "फार इमानी माणूस."

"इमानी म्हणजे काय करायचा तो, आजोबा?"

"म्हणजे असं, बाळांनो, की बाकीचे घड्याळ बघतात. हा बघायचा नाही. शुक्रवार होता. सगळे नमाजाला गेले. मी म्हटलं, शिहाता, जहाज सुटेल. तो थांबला."

"दोघंच होतात?"

"दोघंच. मी आणि तो. आणि फळ्या अशा जाड!" त्यांनी बोटांनी जाडी दाखवली. मुलांनीही बोटांनी जाडी दाखवली.

"बापरे! एवढ्या जाड फळ्या मशीनमध्ये गेल्या कशा?"

"जात नव्हत्याच ना! पात्यावरच्या झाकणाला अडायच्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हाज, उद्या बघू." त्यांनी मान डोलावली, गोष्ट त्यांना स्वतःलाच आवडू लागली होती. "मी म्हटलं, शिहाता, काढ ते झाकण."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, हाज, पातं उघडं पडेल. मी म्हटलं, माझा शब्द आहे ना? मग काढ. आणि काढलं त्यानं! माझ्या एका शब्दावर! कुठं मिळतात आता अशी माणसं?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण मुले कशालाही टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या बराच वेळ एकट्याच वाजत राहिल्या. मागच्या रांगांमध्ये एकही हात हलला नाही.

ज्याने कधी करवतीसमोर उभे राहून काम केले नाही, त्याला ते झाकण म्हणजे कामातली अडचण वाटते. हाजना ते खरोखरच क्षुल्लक वाटत होते. झाकण परत बसवून हशीशचे कुभांड त्यांनी अपघाताच्या चौकशीला येणाऱ्या सरकारी तपासनिसाला वाटेला लावण्यासाठी रचले होते, आणि काम झाल्यावर ते विसरूनही गेले होते. त्या दालनातल्या बापांचे तसे नव्हते. उघड्या पात्यावर माणूस उभा करणे म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला अंगाने ठाऊक होते.

दुसऱ्या रांगेतून मुआजच्या आई, उम्म मुआज, उठल्या. त्यांच्या नवऱ्याची स्वतःची आरागिरणी होती आणि त्यांचा आवाज त्या गिरणीत वाढलेला होता.

"हाज, एक विचारू? झाकण तुम्ही काढायला लावलंत?"

"म्हणजे, काम घाईचं होतं, उम्म मुआज..."

"घाईचं असेल. तुम्ही लावलंत ना?"

"तो स्वखुशीनं..."

"आणि डोळे लाल होते, ते?"

"कुणाचे डोळे?"

"आत्ता विसरलात? कॉफीखान्यात सांगितलंत की! माझा नवरा तुमच्या शेजारी बसला होता. त्याच दिवशी घरी येऊन म्हणाला, शिहाताला गिरणीवर घेणार होतो, आता नको, हशीश ओढतो म्हणे. सहा वर्षं आम्ही त्या माणसाला दारात उभं केलं नाही, हाज! कुणाच्या सांगण्यावरून?" त्या मागे वळल्या. "अहो, बसलायत काय मख्खासारखे? बोला की!"

त्यांचा नवरा खुर्चीतून अर्धा उठला. "ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "यांच्याच तोंडून."

"मीही," आणखी एकजण म्हणाला.

"लोक काय, काहीही बोलतात..." हाजनी माइकपासून तोंड मागे घेतले. विसालने माइक तेवढाच पुढे नेला.

"लोक नाही, तुम्ही," उम्म मुआज म्हणाल्या. "आणि आत्ताही तुम्हीच."

शिहाता उठला होता. तो खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे आला, आणि ज्या माणसाने त्याला जागा करून दिली होती तो काही म्हणता म्हणता राहिला. हाजना तो दिसला, आणि बुडत्याला किनारा दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"ये, ये, शिहाता! तूच सांग यांना. आपण भाऊ-भाऊ. मी इस्पितळात नव्हतो का आलो?"

"आला होतात," शिहाता म्हणाला. भिंतीवरचा पंजा त्याने पाहिला, त्याखालचे नाव वाचले, मग मुलीकडे पाहिले. त्या पाहण्यात कौतुक नव्हते. विसालने ते पाहणे अंगावर घेतले आणि मान खाली घातली नाही. "मला काही सांगायचं नाही, हाज. माझं सगळं तुम्हीच सांगितलंत, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. फक्त नाव तेवढं अर्धं घेतलंत."

"कुणाचं नाव?"

"माझं. तुमच्या कारखान्यात ज्या नावानं हाक मारायचात ते घ्या. मग मी जातो, दुकानात काम पडलंय."

हाजनी ओठांवरचा घाम पुसला, दाराकडे पाहिले. दारापर्यंतच्या वाटेवर कारागीर उभे होते. कुणी अडवत नव्हते आणि कुणी बाजूलाही होत नव्हते.

"उस्ता शिहाता," ते गलाबियाच्या गळ्यात बोलावे तसे बोलले.

शिहाताने मान हलवली. त्याला तेवढे पुरेसे होते. तो वळला आणि आल्या वाटेने चालू लागला. वाटेवरच्या माणसांपैकी कुणी त्याच्या खांद्याला हात लावला, कुणी "उस्ता" म्हणाले, आणि आरागिरणीचा मालक "उस्ता, उद्या सकाळी गिरणीवर या, बोलायचंय" असे म्हणत त्याच्या मागे निघाला.

विसालने माइक हाजच्या ओठांना लागेल इतका जवळ धरला.

"मोठ्यानं, हाज. मागच्या रांगेतल्या मुलांना ऐकू आलं नाही."

हाजनी तेव्हा प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले. कपाळाची ठेवण आणि जवळ आलेल्या भुवया त्यांना कुठून तरी आठवल्या, आणि कुठून ते कळले.

"उस्ता शिहाता," ते म्हणाले. या वेळी ते दालनाच्या चारही कोपऱ्यांत ऐकू आले.

रितालने आजोबांचा अबाया मुठीत धरला होता. ती एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आपल्या मिसकडे पाहत होती, आणि कोण कुणाला रागावते आहे हे न कळल्यामुळे तिचा खालचा ओठ हलू लागला होता. विसालने ते पाहिले. भिंतीशी उभी असलेली नग्ला मानेने ‘पुरे’ म्हणते आहे हेही पाहिले. बाप दाराबाहेर पडला होता आणि आता जे काही होईल त्यातले त्याला काही मिळणार नव्हते.

"पुन्हा एकदा," विसाल म्हणाली.

हाजनी पुन्हा एकदा म्हटले.